ज्यासाठी डोकं झाकायचं

प्रिय मिरचे,

आधी खाली बस. उभ्या उभ्या वाचण्यासारखं हे पत्र नाही, आणि कामावर लिफ्टच्या टपावर बसून तर मुळीच वाचू नकोस. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर चर्चचा विषय निघाला की तू ‘बरं, अजून काय?’ म्हणून मला वळवतेस. कागदाला तसं वळवता येत नाही. तर ऐक. गेल्या रविवारी आपल्या आईने चर्चमध्ये उभं राहून मोठ्याने प्रार्थना केली. हो, आपल्याच आईने, आपल्याच चर्चमध्ये, भरल्या मंडळीत. तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. काल एका गिऱ्हाइकाच्या कपाळावरची झालर मी दोनदा कापली, आणि ती बिचारी भुवया वर करून घरी गेली. आत्तासुद्धा शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई डोक्याला रंग लावून खुर्चीत बसल्या आहेत, आणि तो चढेपर्यंत मी पार्लरच्या काउंटरवर हे लिहायला घेतलंय.

तुला मागचं सगळं माहीत आहे, तरी मी सुरुवातीपासूनच सांगणार. तुझ्या लग्नानंतरचा तो पहिला रविवार आठव. तू नवऱ्याला घेऊन आलीस. तुझा अंबाडा मी घातला होता आणि त्यात माझी सगळी सकाळ गेली होती. दाराशी मामा उभे. डोक्यावर बांधायचा रुमाल विसरून आलेल्या बायकांसाठी दारामागे चर्चचे रुमाल टांगलेले असतात, त्यातला एक त्यांनी काढला. बाकीच्या बायकांना ते तो हातात देतात. तू सख्खी भाची, म्हणून त्यांनी हातात दिला नाही. स्वतःच तुझ्या डोक्यावर टाकला आणि तळहाताने थोपटून नीट बसवला, तुझ्या नवऱ्यादेखत. तू तो काढलास, घडी घातलीस, मामांच्या हातात ठेवलास आणि आल्या पावली परत गेलीस. एक शब्द बोलली नाहीस. तू आणि शब्द नाही, हे पाहूनच मला कळलं होतं की प्रकरण साधं नाही. त्यानंतर तू घरी आलीस, राहिलीस, हसलीस, पण चर्चची पायरी चढली नाहीस.

मग छकुली झाली. आपल्या मंडळीत बाळ पहिल्या वर्षात सगळ्यांसमोर आणतात, आणि घरातला वडीलधारा पुरुष त्याच्या डोक्यावर हात ठेवून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना म्हणतो. त्या वेळी पाळकसुद्धा बाजूला उभे राहतात. तुझ्यामाझ्यासाठी आजोबांनी म्हटली होती. आज बाबा नाहीत, म्हणजे उरले मामा. आणि तू आईला फोनवर स्वच्छ सांगितलंस की मामांचा हात माझ्या लेकीच्या डोक्यावर पडणार नाही, मग ती मंडळीपुढे आली नाही तरी चालेल. त्यावर आईने फोन ठेवला. आधी आईने ठेवला, मिरचे! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी काढलेली बाई, समोरच्याने ठेवल्याशिवाय जी कधी ठेवत नाही. तेव्हापासून छकुलीचा नवा फोटो आला की आई तो बघते, मला दाखवते, माझ्याकडून तिच्या डोक्यावरचे दोन भोवरे मोजून घेते आणि मग उठून भांडी घासायला जाते. घासलेलीच भांडी.

तुला वाटत असेल, आईला फक्त नियमाची काळजी. नाही गं. तिला ते बाळ मंडळीपुढे यायला हवं होतं, आणि तूही चुकीची नाहीस हे तिला पटत होतं, आणि मामा तिच्या पाठचा भाऊ. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार? शिवाय घरातली गंमत तुला माहीत आहे. पाणीखात्यात नकाशे काढून निवृत्त झालेले आपले फूटपट्टीमामा, ज्यांना रस्त्यावरची पोरंसुद्धा वाट सोडतात, ते आपल्या घरात आई ‘बस’ म्हणाली की बसतात आणि ‘पुरे’ म्हणाली की थांबतात. चर्चचा उंबरा ओलांडला की सगळं उलटं. तिथे मामा पुढे उभे राहून प्रार्थना करणार आणि आई तिसऱ्या बाकावर, डोक्यावर रुमाल, तोंडात मुगाची मूठ. जिचा आवाज एके काळी अख्खं शहर ओळखायचं, तिने चर्चमध्ये गाण्यापलीकडे कधी ब्र काढला नव्हता. आपणही लहानपणापासून हेच बघत आलो, त्यामुळे ते कधी डोळ्यांवर आलंच नाही.

आता गाडी रुळावर आणते. या वर्षी नवे पाळक आले. तरुण आहेत, भिडस्त आहेत, आणि कुणी काही विचारलं की आधी चष्मा पुसतात. त्यांची बायको दातांची डॉक्टर. पहिल्याच रविवारी बाई आल्या त्या उघड्या डोक्याने, छान कापलेले आखूड केस (कापणारीचा हात चांगला आहे, हेवा वाटला). दाराशी मामा. त्यांनी सवयीने रुमाल काढला, पुढे केला, आणि डॉक्टरबाई गोड हसून म्हणाल्या की नको, मला थंडी नाही वाजत. मामांचं तोंड बघायला तू हवी होतीस. पाळकाच्या बायकोला परत पाठवता येत नाही आणि तसंच आत सोडलं तर उद्या बाकीच्यांना काय सांगणार! उपासनाभर तो रुमाल मामांच्या हातातच होता. संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले आणि पाळकांनी चष्मा पुसत जाहीर केलं की महिन्याअखेरीला सगळ्यांनी बसून याचा निकाल लावू. बायकांनी डोकं झाकावं की नाही, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे.

तो सगळा महिना माझ्या पार्लरची धर्मशाळा झाली होती. एरवी ज्यांना टोकं कापायला वेळ नसतो त्या बायका नुसत्या बोलायला येऊन बसायच्या. बेकरीवाल्याची बायको म्हणाली, तिला रुमाल आवडतो. घरात सासू, दुकानात गिऱ्हाईक, सगळे दिवसभर तिच्याकडे बघत असतात, रविवारी त्या कापडाखाली तेवढा वेळ ती एकटी देवाबरोबर असते. कॉलेजातली एक पोरगी म्हणाली, मी स्वतःहून बांधते, मला कुणी सांगितलेलं नाही, पण उद्या सक्ती केली तर त्याच दिवशी सोडेन. हे ऐकून मला तुझीच आठवण आली. डॉक्टरबाई दर आठवड्याला केस धुवून घ्यायला यायला लागल्या आणि मला फार आवडल्या. त्या म्हणाल्या, बायबलातल्या ज्या पत्रावरून हा नियम आला, ते ज्या शहरातल्या मंडळीला लिहिलं तिथे त्या काळी उघडं डोकं म्हणजे काय समजायचे ते वेगळं, आज त्याचा तसा अर्थ कुणी काढत नाही, मग कापडाला धरून काय बसायचं? आणि मी? मी कुठल्या बाजूची हे माझं मलाच कळेना. त्या पत्रातल्या त्याच उताऱ्यात पुढे म्हटलंय की बाईचे लांब केस हेच तिचं आच्छादन. ते खरं धरलं तर मी आयुष्यभर पोटासाठी आच्छादनं कापत आले. मामांनी तर मला तोंडावर सांगितलं की रुमाल गेले तर शनिवारी तुझ्याकडे रांग लागेल, म्हणून तुझं मत धरता येत नाही. मी म्हटलं, मामा, तुमच्या डोक्यावर एक केस नाही, म्हणजे तुमचं मत तर पार निःस्वार्थी. ते हसले नाहीत. तुला हसू येईल म्हणून लिहिलं.

तुझं हेल्मेटही निघालं बरं का त्या गप्पांत. आईने तुला मागे विचारलं होतं ना, की कामावर दिवसभर हेल्मेट घालतेस, मग रविवारी तासभर रुमालाने काय बिघडतं? आणि तू म्हणालीस, हेल्मेट माझ्या शेजारच्या पुरुषालाही घालावं लागतं, आणि ते कशासाठी घालायचं हे मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आईने तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. मला वाटलं, ती चिडली. ती चिडली नव्हती. ते वाक्य तिने सांभाळून ठेवलं होतं, कसं ते पुढे कळेल.

थांब, बाईंचा रंग धुवून येते.

आले. रंग अंमळ जास्तच चढला. बाई आरशात बघून म्हणाल्या, विद्यार्थी ओळखतील ना? मी म्हटलं, ओळखतील आणि घाबरतील.

तर सभा. उपासना झाली, चहा झाला, सगळे बसले. आता आपल्या सभेची पद्धत तू विसरली असशील, तू कधी थांबायचीसच कुठे. बायकांनी यायचं, ऐकायचं, हातही वर करायचा, पण बोलायचं ते घरच्या पुरुषाच्या तोंडून. आपण त्याच्या कानात सांगायचं आणि त्याने उभं राहून मांडायचं. हे इतकी वर्षं बिनबोभाट चाललं कारण कशावर कुणाचं काही म्हणणंच नसायचं, छपराच्या गळतीवर बाई काय निराळं सांगणार? पण त्या दिवशी प्रत्येक बाईला बोलायचं होतं. सगळ्या सभागृहात नुसती कुजबूज. बेकरीवाला उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या बायकोचं म्हणणं असं की रुमाल राहावा. बायकोने त्याच्या शर्टाचं टोक ओढलं. तो वाकला, ऐकलं, पुन्हा सरळ झाला, म्हणाला, राहावा पण सक्ती नको. पुन्हा ओढलं. सक्ती नको पण थट्टाही नको. असं चार वेळा झाल्यावर त्याने घाम पुसला आणि म्हणाला, उरलेलं घरी ठरवून सांगतो. लोक हसले. चष्म्याच्या दुकानाचे मालक, आपले चष्मेवाले, मात्र गंभीर होते. ते म्हणाले, प्रश्न कापडाचा नाही, एक वीट काढली की भिंत हलते. आणि खरं सांगू, त्यांचं बोलणं मला अगदीच वेडगळ वाटलं नाही.

मग मामा. मामांच्या तोंडून तीन मतं यायची होती, त्यांचं, माझं आणि आईचं. स्वतःचं त्यांनी व्यवस्थित मांडलं, नकाशा समजावल्यासारखं. नंतर मी कानात सांगितलं. मिरचे, मामा हट्टी आहेत, पण खोटं बोलायचं त्यांना शिकवलेलंच नाही. ते सरळ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, माझ्या भाचीचं म्हणणं असं आहे की मी भाचीच्या डोक्याकडे बघितलं आणि भाचीकडे बघितलं नाही. पुढे म्हणाले, हे दुसऱ्या भाचीबद्दल आहे. आणि खाली बसले. कुणी हसलं नाही.

मग आईने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मामा उठले आणि म्हणाले, ताईचं म्हणणं आहे की मी तो उतारा पुन्हा वाचावा, पण आपल्याला पाठ आहे तेवढाच नाही, पूर्ण. त्यांनी वाचला. त्यात काय आहे ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे असं मी समजत होते. प्रार्थना करणारी किंवा देवाचा संदेश सांगणारी बाई जर डोकं न झाकता ते करील, तर ते शोभत नाही. आम्ही सगळे माना हलवत होतो. आता आईने मामांचा शर्ट ओढला. मामा वाकले. आई बोलली. आणि मामा तसेच वाकलेले राहिले. मग हळूहळू सरळ झाले, पुस्तकात बघितलं, आईकडे बघितलं, पुन्हा पुस्तकात बघितलं. सगळे वाट बघताहेत. पाळकांनी चष्मा पुसायला काढला तो हातातच राहिला. मला वाटलं, मामा आता हे गिळून टाकणार, काहीतरी दुसरंच सांगणार, आणि मग आपलं कायमचं संपलं. पण ज्या माणसाने जन्मात एक रेघ खोटी ओढली नाही, तो काय बदलणार? आणि त्याला ते मांडताही येईना. शेवटी ते म्हणाले, “ताई, मला हे सांगता येत नाही. तूच सांग.”

मिरचे, त्या सभागृहात बाईला ‘तूच सांग’ म्हणणारा पहिला माणूस म्हणजे आपले फूटपट्टीमामा. कुणाला खरं वाटेल?

आई उठली. रुमाल सारखा केला, कपाळावर जरा पुढे ओढला. आणि तो आवाज आला, एक्स्चेंजमधला, न ओरडता शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. ती म्हणाली, “तो प्रेषित लिहितो की बाईने प्रार्थना करताना, संदेश सांगताना डोकं झाकावं. म्हणजे त्याच्या मंडळीत बायका प्रार्थना करत होत्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून डोकं झाकते आहे. ज्या कामासाठी झाकायचं, ते काम मला तुमच्यापैकी कुणी कधी सांगितलं का? माझी धाकटी लिफ्टवर काम करते. तिला हेल्मेट दिलं त्याच दिवशी पाना पण दिला.”

चष्मेवाले सावरून म्हणाले की थोडं पुढे गेलं तर बायकांनी मंडळीत गप्प राहावं असंही त्याच पत्रात आहे. आई म्हणाली, हो, आहे, तेही मी वाचलंय, मग गप्प बसणाऱ्या बाईने प्रार्थना करताना काय घालावं हे सांगण्यात त्याने शाई का घालवली, तेवढं मला समजावून द्या. ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. चष्मेवाल्यांनी पाळकांकडे बघितलं. पाळकांनी चष्मा लावला आणि प्रामाणिकपणे म्हणाले की या दोन ठिकाणांचा मेळ कसा घालायचा यावर मोठमोठे लोक वाद घालत आलेत आणि आज चहाच्या वेळेत तो मिटणार नाही, पण या बाईंनी जे दाखवलं ते तिथे लिहिलेलं आहे आणि आपण ते सोडून फक्त कापड उचललं. इतके दिवस मला हा माणूस बावळट वाटत होता. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

मग पुष्कळ आरडाओरडा झाला, तो सगळा लिहीत बसले तर मुख्याध्यापिकाबाईंचे केस पुन्हा पांढरे होतील. निघालं ते असं. बाई आपल्या तोंडाने प्रार्थना करू शकते, बोलू शकते, आणि बाळासाठीची प्रार्थना घरातल्या वडीलधाऱ्याने करावी, मग ती बाई असली तरी चालेल. डोकं झाकायचं की नाही हे जिचं तिने ठरवावं. रुमाल दारामागे राहतील, ज्या बाईला हवा तिने घ्यावा, दारात उभं राहून कुणी कुणाला देणार नाही. बेकरीवाल्याच्या आईने जाहीर केलं की बायका बोलायला लागल्या तर मी येणार नाही. पुढच्या रविवारी ती आली, आणि मोकळ्या प्रार्थनेच्या वेळी स्वतः उभी राहिली. गावातल्या प्रत्येक घराचं नाव घेईपर्यंत थांबली नाही आणि बाहेर चहाचं पार पाणी झालं. चष्मेवाले अजून घुश्शात आहेत. त्यांच्याशी मी मुद्दाम जास्त बोलते, कारण त्यांनी मनातलं उघड तरी सांगितलं.

आणि गेल्या रविवारी आईची पाळी. शनिवारी मी तिच्या केसांना रोलर लावत होते तर ही बाई घाबरलेली. मला म्हणाली, जन्मभर लोकांना एकमेकांशी जोडून दिलं, पण मी स्वतः कधी मधे बोलले नाही, आमच्या नोकरीत मनाई होती. मी म्हटलं, उद्या थेट लाइन आहे, बोल काय ते. सकाळी चर्च भरलेलं. पाळकांनी खूण केली. आई उठली, डोळे मिटले, हात बाकाच्या पाठीवर. घसा खाकरला. आणि मग आई स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली, “हॅलो.”

देवाला, मिरचे. देवाला हॅलो!

एक क्षण कुणाला कळलंच नाही. मग डॉक्टरबाईंच्या तोंडून फिस्सकन हसू सुटलं, मग बेकरीवाला, मग सगळं चर्च. आईने डोळे उघडले नाहीत. तिचे कान लाल झाले, पण ती थांबली नाही. म्हणाली, प्रभू, चुकलं, सवयीने झालं, पण लाइनवर आहेस ना तू? आणि मग जी सुरू झाली! आजारी माणसांसाठी, पुढच्या चौकातल्या बंद पडलेल्या दिव्यासाठी, चष्मेवाल्यांच्या गुडघ्यासाठी (ते रडले, मी बघितलं), बाबांसाठी आभार. आणि शेवटी तुझ्यासाठी. म्हणाली, माझी धाकटी उंच जागी काम करते, तिचे दोर मजबूत ठेव, ती माझ्यावर रागावलेली नाही हे मला माहीत आहे, पण ते तिच्या तोंडून ऐकायचं आहे. आणि तिची लेक, जिला मी अजून तुझ्यापुढे आणलं नाही, तिला मला आणू दे. आणि ‘आमेन’ एकदम ठणठणीत. मी रडले, हसले, दोन्ही एकदम, शेजारणीने मला रुमाल दिला, मी त्याला नाक पुसलं.

आता तू विचारशील, डोकं झाकायचं की नाही याचं झालं काय? मी आईला विचारलं. म्हटलं, आता तुझ्या मर्जीवर आहे, काढणार का? ती म्हणाली, का काढू? नियम त्यांचा होता, रुमाल माझा आहे. आणि मी एक रविवार उघड्या डोक्याने गेले, स्वतःचे केस मस्त सेट करून. खरं सांगते, मान उघडी पडल्यासारखी वाटली आणि सगळा वेळ माझं लक्ष केसांवरच. पुढच्या वेळी बांधला. त्याच्या पुढच्या वेळी नाही. तुला हसायचं तर हस, पण मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ठरवायची घाईही नाही. डॉक्टरबाई उघड्या डोक्याने येतात, कॉलेजची पोरगी बांधून येते, दोघी एकाच बाकावर बसतात आणि गाताना दोघी सारख्याच बेसूर.

इतकं लिहिलं, पण हे पत्र मी या आनंदासाठी लिहिलेलं नाही. त्यासाठी मी फोन केला असता, आणि तू विषय बदलला असतास तरी ओरडून सांगितलं असतं. काल सकाळी पार्लर उघडलं आणि मामा आले. त्यांना इथे काय काम, कापायला एक केस नाही. तरी खुर्चीत बसले, आरशासमोर. मी सवयीने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि मग मलाच कळेना आता काय करू. ते आरशातल्या माझ्याकडे बघून म्हणाले, मिरचीला पत्र लिही. माझ्या हातचं ती उघडणार नाही. मग म्हणाले, “मी सगळं पुन्हा वाचून काढलं. बाईने डोकं झाकावं असं आहे. दुसऱ्याने तिच्या डोक्यावर टाकावं असं कुठेही नाही. ते मी माझ्या मनाने केलं.” गळ्याभोवती कापड, हात आत, त्यामुळे त्यांना डोळेही पुसता येईनात. मी पुसले. मग त्यांनी निरोप सांगितला, आणि मी तो त्यांच्यासारखाच, न बदलता देते. छकुलीला घेऊन ये. डोकं झाक किंवा झाकू नकोस. हात ताईचा असेल, शब्द ताईचे असतील. मी दाराशी उभा राहणार नाही, शेवटच्या बाकावर बसेन. आणि तेही तुला नको असेल, तर त्या रविवारी मी घरी थांबेन. ज्या माणसाने ताप असतानासुद्धा एक रविवार चुकवलेला नाही, तो हे म्हणाला, मिरचे. आईला यातलं काही माहीत नाही. ती रोज छकुलीसाठीच्या प्रार्थनेचे शब्द जुळवते आहे आणि ते हॅलोने सुरू होऊ नयेत म्हणून धडपडते आहे. तू येशीलच, हे मी धरून चालले आहे. फक्त मामांनी कुठे बसायचं, तेवढं कळव.

तुझीच,
कात्री